मीटरबाब

बंद पडलेलं ग्राफिक्स कार्ड घेऊन मीटरबाबाकडे गेलात, तर तो आधी कार्डाकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. चष्मा कपाळावर ढकललेला, एका हातात चहात बुडवायचा राहिलेला पाव, आणि प्रश्न एकच.

"काय केलंस?"

"काही नाही केलं. आपोआप बंद पडलं."

"आपोआप," तो मान डोलावतो. "बरोबर. ह्या टेबलावर आलेलं प्रत्येक कार्ड आपोआपच बंद पडलेलं आहे. आजवर कुणीच कधी काही केलेलं नाही."

मग पाव बशीत ठेवून, हात लुंगीला पुसून तो कार्ड घेतो आणि आधी त्याचा वास घेतो. जळका वास आला तर "मॉस्फेट गेला" म्हणून मोकळा. वास आला नाही तर तो जास्त गंभीर होतो. कारण बोर्डावरचे ते तपकिरी सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट झाले तरी बऱ्याचदा धूर नाही, डाग नाही, वरून कोरे करकरीत. वास घेऊन झाला की कार्ड उलटं करायचं, खिडकीच्या उजेडात तिरपं धरायचं. चिपच्या चौकोनाजवळ हमखास एक बारीक ओरखडा असतो आणि ओरखड्याच्या टोकाला दोन रिकामे, चकचकीत टिपके. कालपरवापर्यंत तिथं एक कपॅसिटर राहत होता.

"हे आपोआप?"

"नाही, म्हणजे... कूलर साफ करताना स्क्रूड्रायव्हर जरा सटकला."

"हां. आणि?"

'आणि?' म्हणून तो गप्प बसतो. ह्या गप्प बसण्याला पुरून उरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दोन मिनिटांत कळतं की भावाने कॅबिनेटवर लिंबू-सोडा ठेवला होता. चार मिनिटांत कळतं की तो सांडला होता. मीटरबाब रागावत नाही. त्याला कबुलीजबाब हवा असतो तो फक्त कुठून सुरुवात करायची हे ठरवायला. सोडा वरून आला असेल तर खाली कुठवर पोचला असेल, ह्याचा हिशेब तोवर त्याच्या डोक्यात सुरू झालेला असतो. "उघडून पळोवया," तो म्हणतो. म्हणजे उघडून बघूया; हे त्याचं ठरलेलं वाक्य. पंख्याला, पंपाला, टीव्हीच्या रिमोटला, एकदा तर शेजारणीच्या श्रवणयंत्रालाही तो हेच म्हणाला होता.

त्याचं खरं नाव मतदारयादीत असेल. गोव्यात कारापूर तिस्कावर उतरून ते नाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. मीटरबाब म्हटलंत तर चड्डीतलं पोरही घरापर्यंत आणून सोडेल. डिचोलीच्या आयटीआयतून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडला तेव्हा खाणींचे दिवस होते. लाल धुळीत न्हालेले टिपर दिवसरात्र धावायचे आणि कुणाचा हॉर्न, कुणाचा सेल्फ, कुणाचा डायनॅमो रोज काहीतरी काढायचाच. गाडीखाली झोपून, तोंडात टेस्टर धरून, ह्याने वायरिंगमधले शॉर्ट काढले. मग २०१२ साली खनिज थांबलं. मध्ये थोडं चाललं, आणि २०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबलं. ट्रक दारादारांत उभे राहिले. उभ्या ट्रकाचा हॉर्न कोण दुरुस्त करून घेणार? पण त्याच ट्रकवाल्यांच्या घरात तोवर मुलं मोठी झाली होती, आणि मुलांच्या खोलीत काचेच्या कुशीची, आत लाल-निळे दिवे लावलेली कॅबिनेटं आली होती. ती बंद पडू लागली. मीटरबाब गाडीखालून उठून टेबलाशी बसला. शॉर्ट तेच, फक्त अंथरूण पसरून झोपायची गरज उरली नाही.

कार्ड जुनं विकत घेतलेलं दिसलं की त्याचा आणखी एक प्रश्न असतो. एकदा सर्वणहून एक आजोबा नातवाचं कार्ड पिशवीतून घेऊन आले. ह्याने सवयीने विचारलं, "मायनिंगचं का?"

आजोबा ताठ झाले. "आमच्या घरातलं कुणी मायनिंगात नव्हतं. दोन ट्रक होते, तेवढेच."

मग त्याने त्यांना समजावून सांगितलं की बाबा, दुसरंही एक मायनिंग असतं, घरी बसून करायचं. आठ-आठ कार्डं रॅकवर लावून महिनोन्‌महिने रात्रंदिवस पळवतात, त्यातून इथेरियम नावाचं चलन निघत होतं. आजोबांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग ते का बंद झालं?" १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या मंडळींनी आपली व्यवस्थाच बदलली, कार्डांची गरज संपली, आणि जगभरची दमलेली कार्डं जुन्या बाजारात आली. आजोबांना ह्यात एकच गोष्ट नवलाची वाटली: इतका मोठा धंदा कोर्टाची पायरी न चढता बंद होतो!

आता त्याचं टेबल. सोप्यावर, खिडकीला लागून. एका बाजूला लाकडी फळीवर होल्डर ठोकून केलेला सिरीज बोर्ड, त्यात शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा. संशयित पॉवर सप्लाय ह्या दिव्यामार्फतच घरच्या विजेला भेटतो. दिवा लख्ख पेटला की आत शॉर्ट आहे आणि घराचा फ्यूज वाचला. मध्ये डीसी मशीन, म्हणजे हवे तेवढे व्होल्ट आणि हवे तेवढे अँपियर मोजून देणारा डबा. आणि दोन मीटर. एक नाशिकच्या मोटवाने कंपनीचा सुईचा, ज्याला तो 'थोरला' म्हणतो; दुसरा आकड्यांचा, बीप करणारा. थोरल्याला कुणी हात लावायचा नाही. पावसाळ्यात तो मीटर कपाटात, तांदळाच्या डब्यात असतो. वहिनी तांदूळ काढताना त्याला बाजूला ठेवतात आणि परत ठेवतात, त्याबद्दल घरात चर्चा होत नाही.

मोजायला बसला की त्याचे सोपस्कार सुरू होतात. पहिलं, कार्ड मशीनबाहेर. वीज नाही, काही नाही. दुसरं, मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून आकडा बघायचा. शून्य पॉइंट तीन वगैरे येतं. "हे वायरीचं स्वतःचं. पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा." वजा न करता जो पुढे जातो त्याला तो माणसात धरत नाही. तिसरं, काळी काडी ग्राउंडला, स्क्रूच्या भोकाच्या चांदीला. आणि मग लाल काडी एकेका लाईनवर: बारा व्होल्ट, तीन पॉइंट तीन, मेमरी, शेवटी कोअर, म्हणजे मुख्य चिप. हा क्रम मोडायचा नाही. मध्ये कुणी फोन केला तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, काड्या टेकवण्यापासून.

एका पोराला तो हे समजावत होता तेव्हा मी तिथंच होतो. पोरगं पॉलिटेक्निकचं, हुशार, स्वतःचा मीटर घेऊन आलेलं. त्याने घरीच तपासणी करून निकालही लावला होता: कोअरवर मीटर बीप करतो, म्हणजे कोअर शॉर्ट, म्हणजे कार्ड खलास. तीनशे रुपयांना भंगारात द्यायचं ठरलं होतं, जाता जाता फक्त मीटरबाबाचा शिक्का हवा होता.

"बीपवर टाकून बघितलंस?"

"हो."

"आणि बीप आला."

"हो. लांब."

"मग माझ्या चांगल्या कार्डावर बघ." त्याने फळीवरून स्वतःच्या मशीनमधलं, चालू असलेलं कार्ड काढून दिलं. पोराने काड्या टेकवल्या. लांब बीप आला.

मग सुरू झालं प्रवचन. "वाड्यावर नळ आले तेव्हा काय केलं? रस्त्याने एक जाड पाईप, त्यातून घरोघरी बारीक नळ. कार्डात जाड पाईप बारा व्होल्टचा. तिथून पाणी खाली उतरवतात, कुणाला पाच, मेमरीला दीडच्या आसपास, आणि कोअरला जेमतेम एक व्होल्ट. आता हे तुझं जीटीएक्स १०६०, कोअरच्या आत चार अब्जांच्या वर ट्रान्झिस्टर. चार अब्ज नळ एका पाईपला लावलेत, मग पाण्याला अडथळा कसला राहणार? एक ओहम, दीड ओहम. मोठ्या कार्डाला त्याहून कमी. बीपला एवढी अक्कल नाही. त्याला कमी दिसलं की तो बोंबलतो."

पुढचा हिशेब त्याने बिलाच्या मागे मांडून दाखवला. कार्ड एकशे वीस वॅटचं. कोअरला एक व्होल्ट. म्हणजे भरात असताना ऐंशी-शंभर अँपियर ह्या बोटभर तांब्यातून जातात. "आपल्या घराचा मेन किती अँपियरचा, बघून ये." पोरगं खरंच मेन बघून आलं आणि गप्प बसलं. गेओर्ग ओहम ह्या जर्मन शाळामास्तराने १८२७ साली अडथळ्याचा नियम पुस्तकात मांडला. इतक्या वर्षांनी तो कारापुरातही तितकाच लागू पडतो, ह्याचं मीटरबाबाला व्यक्तिशः समाधान आहे.

त्या कार्डाचा खरा शॉर्ट बारा व्होल्टच्या लाईनवर निघाला. तिथं हजारांत ओहम दिसायला हवेत, दिसले दीड. मशीन चालू केल्यावर पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो असं पोरगं म्हणालंच होतं. पॉवर सप्लायला शॉर्ट कळतो आणि तो हात काढून घेतो. पण मालकाच्या तोंडून निघालेलं लक्षण आणि मालकाने लावलेला अर्थ, ह्यातला अर्थ मीटरबाब ऐकूनच घेत नाही. लक्षण तेवढं लिहून ठेवतो.

लिहून कुठं ठेवतो, तर कालनिर्णयवर. दुधाच्या खाड्यांच्या चौकोनांत. कुठल्या कार्डाला कुठल्या लाईनवर किती ओहम, चांगल्याचे निळ्या शाईत, आजाऱ्याचे लाल. महिना उलटला की पान फाडायचं नाही, मागे दुमडायचं. त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरात चांगलंच जाड होतं. दूधवाला एकदा हिशेबाला आला तेव्हा वहिनींनी पान बघून सांगितलं, "पंधरा तारखेला शून्य पॉइंट नऊ." दूधवाल्याने पावणे लीटर धरलं का एक, हे मला माहीत नाही, पण तेव्हापासून दुधाचा हिशेब वहिनी वेगळ्या वहीत ठेवतात.

शॉर्ट कुठल्या लाईनवर हे कळलं, तरी त्या लाईनवर कपॅसिटर पन्नास. सगळे एकमेकांना समांतर जोडलेले, त्यामुळे मीटर सगळ्यांवर एकच आकडा दाखवतो. गुन्हेगार एक आणि संशयित पन्नास, अशा वेळी तो डीसी मशीन ओढून घेतो. लाईन जितक्या व्होल्टची त्याच्या वर एक काडीही द्यायची नाही. बारा व्होल्टच्या लाईनलासुद्धा तो सुरुवात एकाने करतो. अँपियर वाढवत नेतो. वीज बिचारी सोप्या वाटेने जाणार, म्हणजे शॉर्टमधूनच, आणि जो शॉर्ट आहे तो तापणार. बोर्डावर तो ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल फासतो आणि डोळे बोर्डाला लावून बसतो. सगळीकडे ओल असताना एक जागा आधी सुकते. दीड मिलिमीटर लांबीचा एक कपॅसिटर, त्याच्या भोवती कोरडं वर्तुळ. अल्कोहोल नसेल तर राळेचा धूर धरायचा; पांढरा थर बसतो आणि गरम जागी वितळून पारदर्शक होतो. तेही नसेल तर दुकानातल्या बिलाचा गुळगुळीत कागद दाबून धरायचा, उष्णतेने त्यावर काळा ठिपका उमटतो. आणि काहीच नसेल तर बोट. त्याच्या उजव्या तर्जनीला ठसा उमटत नाही अशी अफवा आहे. आधार कार्डाच्या वेळी त्रास झाला म्हणतात.

अल्कोहोलवरून आठवलं. २०२०च्या टाळेबंदीत जे काही अल्कोहोल होतं ते सॅनिटायझरात गेलं. बाटली संपली आणि टेबलावर एक कार्ड अडकलं. मालक पडला दिलदार. त्याने काजू फेणीची बाटली आणून ठेवली. भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू, वास आसमंतात. मीटरबाबाने लेबल वाचलं: ४२.८ टक्के. "म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. हे बोर्डावर घातलं तर असलेला शॉर्ट राहील आणि नवीन चार होतील." कार्ड राळेच्या धुराने तपासलं. बाटली परत गेली नाही.

भाजून आणलेल्या कार्डांचा मात्र त्याला मनापासून तिटकारा आहे. कार्ड ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाजलं की जिवंत होतं, ही समजूत कुठून निघाली ते त्याला ठाऊक आहे. २००८ साली एनव्हिडियाने आपल्या काही चिपच्या जोडणीतल्या दोषापायी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढले होते; त्या काळातली काही कार्डं आच लागली की काही दिवस चालायची आणि पुन्हा मरायची. तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लोक भाजतायत. असं एक कार्ड आलं, प्लॅस्टिक कनेक्टर वितळून एका बाजूला कललेला. मीटरबाबाने ते दोन बोटांत धरून मालकाला विचारलं, "चटणी आणलीस?" फुटलेला कपॅसिटर भाजल्याने सांधत नाही, हे त्या मुलाला सांगायलाही तो थांबला नाही. सोप्यावरून थेट परसात गेला आणि माडाला पाणी घालू लागला. राग आला की तो माडाला पाणी घालतो. त्यांचा माड चांगला धरतो.

शॉर्ट सापडतो तो क्षण बघण्याजोगा असतो. आवाज नाही, टाळी नाही, तो फक्त चष्मा कपाळावरून नाकावर आणतो आणि म्हणतो, "हा बघ, बसलाय." पन्नास संशयितांतून तो एक चिमट्याने उचलला जातो, मीटर पुन्हा लावला जातो, दीड ओहमाचे हजार होतात. आणि पुढच्या मिनिटाला मीटरबाबाचा त्या कार्डातला रस संपतो. ही त्याची खरी खोड. शोधणं त्याचं, जोडणं कुणाचंही. नवीन कपॅसिटर लावायला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं यायला तीन आठवडे जातात. फळीवर रांगेने कार्डं उभी असतात, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर त्याच्या वळणदार मराठी अक्षरात 'सापडला'. फोन केला तर आनंदाने सांगतो, "तुझा सापडला हां, मंगळवारीच सापडला." मिळेल कधी असं विचारलं की रेंज जाते.

त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडतात तेव्हाची गोष्ट घ्या. एका वाड्याच्या पोरांनी थर्माकोलचा मोठा हंस केला होता, आत एलईडीच्या माळा. ऐन संध्याकाळी माळ लावली की बॅटरीचा फ्यूज उडू लागला. एक उडाला, दुसरा उडाला, तिसऱ्याच्या जागी कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायला निघालं, तेवढ्यात मीटरबाबाला आणलं. गुडघाभर पाण्यात, लुंगी कमरेला, मीटर गळ्यात. वर भाषणं चालू. ह्याने माळ मधोमध तोडली. पुढचा अर्धा भाग निर्दोष, मागचा शॉर्ट. मागचा पुन्हा अर्धा. असं करत हंसाच्या मानेपाशी आला. कागद टाचताना मारलेली एक स्टेपल पिन दोन्ही वायरींतून आरपार गेली होती. ती उपटली, माळ पेटली, पोरांनी जल्लोष केला, नौका निघाली, हंसाला बक्षीस मिळालं का काय ते मला आठवत नाही. मीटरबाबाला तर हंस कसा दिसला हेही सांगता येणार नाही. तो पायऱ्यांवर बसून पिन बघत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. "एवढी! एवढीशी, बघ."

चतुर्थीच्या आधीचा आठवडा म्हणजे त्याचा सुगीचा आणि वहिनींच्या वैतागाचा. गणपतीवरच्या माटोळीच्या दिव्यांपासून आरतीच्या माईकपर्यंत अख्खा वाडा सोप्यावर. पैशांचं विचाराल तर सापडला नाही तर काही नाही, सापडला तर "दे काय ते." ह्या 'काय ते'चं बाजारमूल्य वहिनींनी एकदा काढलं होतं आणि नंतर आठवडाभर त्या काही बोलल्या नव्हत्या. कधी नारळ येतात, कधी फणस. एका गिऱ्हाइकाने बांगडे आणले, नेमके सोमवारी.

वाईट बातमी सांगायची पाळी आली की मात्र ह्या माणसाची तारांबळ बघवत नाही. कधी वरचा मॉस्फेट, म्हणजे बारा व्होल्ट तोलून खाली सोडणारा स्विच, असा फुटतो की बारा व्होल्ट थेट कोअरवर जातात. एका व्होल्टाची सवय असलेली चिप; तिथं मग शोधायला काही उरत नाही. डीसी मशीनवर लावलं तर कुठलाही एक ठिपका तापत नाही, चिप सगळी मिळून कोमट होते. त्याला ते पहिल्या आकड्यालाच कळलेलं असतं. तरी तो अल्कोहोल फासतो, बघतो, पुन्हा फासतो, चहा मागवतो, मालकाला कॉलेज कसं चाललंय विचारतो, आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो. 'मेलं' हा शब्द तो वापरत नाही. "हे असू दे माझ्याकडे," म्हणतो. "ह्याचे कॉइल चांगले आहेत. कुणाला तरी लागतील." एका मुलाने सुट्टीत कॅटरिंगला जाऊन पैसे साठवून घेतलेलं कार्ड असं गेलं, तेव्हा मीटरबाबाने त्याला स्वतःच्या मशीनमधलं कार्ड काढून दिलं, 'तात्पुरतं'. त्याला आता दोन वर्षं झाली. मीटरबाब पत्ते खेळतो, त्याला कार्ड लागत नाही.

अशा माणसाच्या घरात काय चालू असतं? काही नाही. दारावरची बेल 'उघडलेली' आहे. सोप्यावरचा पंखा एकाच वेगाने फिरतो, कारण रेग्युलेटर 'बघायला काढलाय'. घरचा मिक्सर गेली काही वर्षं डब्यात सुटा आहे. त्यात दोष नव्हता, आवाज जरा वेगळा येत होता. आठ दिवस वहिनींनी हुमणाचं वाटप शेजारणीकडे जाऊन केलं, मग माहेरच्या पैशांनी नवा मिक्सर आणला आणि त्याच्या खालच्या चारही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचे थेंब टाकले. कुणी उघडला तर थर तडकणार आणि कळणार. ही युक्ती त्यांना दुसऱ्या कुणी शिकवलेली नाही. कारखान्यातून आलेल्या बोर्डावर स्क्रूला रंग का लावतात, हे मीटरबाबानेच एका जेवणात हौसेने समजावून सांगितलं होतं.

आता गेल्या वर्षापासून त्याचा भाचा मदतीला येतो. हात चांगला आहे. सोल्डरिंग स्वच्छ, 'सापडला'ची रांग त्याने दोन महिन्यांत उतरवली. पण तो एक भानगड घेऊन आला: मोबाईलला लागणारा थर्मल कॅमेरा. कार्डाला एक व्होल्ट द्यायचा, कॅमेरा धरायचा, पडद्यावर सगळं निळं आणि एक कपॅसिटर पांढराफट्ट. दोन सेकंद. अल्कोहोल नाही, राळ नाही, बोट नाही.

"मामा, हा बघ."

मामाने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "चित्र बघून कळलं म्हणजे कळलं नव्हे," आणि तेच कार्ड घेऊन राळेच्या धुराने अर्ध्या तासात तोच कपॅसिटर काढून दाखवला. भाच्याने तोवर आणखी दोन कार्डं पूर्ण केली. मामा माडाला पाणी घालायला गेला.

त्यानंतर कॅमेऱ्याचा विषय सोप्यावर निघत नव्हता. पण परवा मी सकाळी गेलो तेव्हा स्वयंपाकघरात वाटप चाललं होतं आणि मीटरबाब दाराच्या आडून, भाच्याचा मोबाईल हातात घेऊन, चालू मिक्सरवर कॅमेरा रोखून उभा होता. स्क्रूंना हात न लावता आत बघण्याची सोय त्याला ह्या वयात पहिल्यांदा मिळाली होती. चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्या पिनेच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

मिक्सर थांबला. वहिनींनी मागे बघितलं.

"खालचं बेअरिंग तापतंय गो," तो पडदा त्यांच्यापुढे धरून म्हणाला. "बघ, पिवळं दिसतंय. मी काही म्हणत नाही. पण एकदा उघडून..."

वहिनींनी पडदा बघितला, त्याच्याकडे बघितलं, खोबऱ्याचा हात पदराला पुसला, आणि आतल्या खोलीतून बाटली आणून चारही स्क्रूंवर नेलपॉलिशचा दुसरा थर दिला.